कॅमेरा राहू द्या, आधी लाइटचं बघा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येतात, फोटो मनासारखा येत नाही तर आता नवीन काय विकत घेऊ. खरेदीला माझा विरोध नाही, पण लाइट कुठे ठेवलाय, केवढा आहे आणि कशावर आपटून येतोय हे बघितल्याशिवाय पैसे घालू नका एवढं मात्र कळकळीने सांगते.

प्रश्न : ताई, माझ्याकडे किट लेन्सवाला (कॅमेऱ्याबरोबर आलेल्याच लेन्सचा) क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरचा डीएसएलआर आहे. रात्री घरात मुलांचे फोटो काढले की एकतर हललेले येतात नाहीतर दाणेदार. सगळे म्हणतात फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा घे. घेऊ का?

उत्तर : आत्ता नको. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ तुमच्या सेन्सरच्या साधारण सव्वादोन पट असतं, म्हणजे फायदा होतो एका स्टॉपपेक्षा थोडासाच जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). आणि तुमची किट लेन्स 55 एमएमला झूम केली की एफ 5.6 वर येऊन थांबते (एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं भोक मोठं), तिच्या जागी साधी 50 एमएम एफ 1.8 लावली तर त्याच कॅमेऱ्यात जवळजवळ दहापट उजेड येतो, म्हणजे जिथे आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता, ती वाढवली की दाणे वाढतात) 6400 लागत होता तिथे 800 च्या आत काम होतं. बॉडी बदलून हे एवढं मिळत नाही.

पण एफ 1.8 ला फोकसची खोली फार कमी असते, दोन मुलं पुढेमागे बसली असतील तर एकाचाच चेहरा शार्प येणार. म्हणून मला विचाराल तर लेन्सच्याही आधी वर-मागे डोकं वळवता येणारा फ्लॅश घ्या. समोरून थेट मारलेल्या फ्लॅशने कपाळ चमकतं, चेहरा सपाट दिसतो आणि मागच्या भिंतीवर काळी सावली पडते, तेच डोकं वर आणि जरासं मागे वळवलं की उजेड छतावर, मागच्या भिंतीवर आपटून पसरून खाली येतो आणि खोलीच उजळल्यासारखी वाटते. छत पांढरं हवं, हिरवं-पिवळं असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. सुरुवात मॅन्युअलला शटर 1/125 सेकंद, एफ 4, आयएसओ 800 आणि फ्लॅश टीटीएलवर (फ्लॅशची पॉवर कॅमेराच ठरवतो ती सेटिंग), अशी करून बघा. पॉवर कमी असताना फ्लॅशचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, त्यामुळे पळणारं पोरही जागच्या जागी पकडलं जातं. फोटोत मागची खोली फार काळी वाटली तर शटर 1/60 पर्यंत खाली आणा, त्याने फक्त घरातल्या दिव्यांचा उजेड वाढतो, फ्लॅशचा भाग तसाच राहतो.

प्रश्न : मी 60 सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (लाइटवर लावायचा, उजेड पसरवणारा पांढऱ्या कापडाचा डबा) घेतला, तरी नाकाची सावली कडकच येते. लाइट माणसापासून तीन मीटरवर आहे. आणखी महागाचा घ्यायला पाहिजे होता का?

उत्तर : नाही हो, आहे तोच पुढे ओढा! सावली मऊ येणार की कडक हे ज्याचा फोटो काढताय त्याला तो लाइट केवढा दिसतो यावर ठरतं. सूर्य केवढा प्रचंड, पण तो 15 कोटी किलोमीटर लांब असल्याने आकाशात अर्धा अंश एवढाच दिसतो, म्हणून दुपारच्या सावल्या धारदार. तुमचा सॉफ्टबॉक्स तीन मीटरवरून तसाच छोटा दिसतोय. तो पाऊण-एक मीटरवर आणा, इतका जवळ की फ्रेममध्ये यायला नुसती बोटभर जागा उरेल, आणि मग नाकाची सावली बघा, तिची कड विरघळलेली दिसेल.

जवळ आणल्याने आणखी एक गोष्ट होते. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, हे लक्षात ठेवा. समजा लाइट चेहऱ्यापासून एक मीटरवर आणि मागची भिंत लाइटपासून तीन मीटरवर, तर भिंतीवर चेहऱ्याच्या नववा हिस्सा उजेड पडेल, म्हणजे पांढरी भिंतसुद्धा गडद राखाडी दिसेल. तोच लाइट मागे, चेहऱ्यापासून तीन मीटरवर नेला तर भिंत होते पाच मीटरवर आणि तिच्यावर एक तृतीयांशापेक्षा थोडा जास्तच उजेड जातो. म्हणजे बॅकग्राउंड काळं हवं की उजळ, हे बरंचसं लाइटच्या अंतरानेच ठरवता येतं, वेगळा पडदा लागतोच असं नाही. चेहऱ्याची दुसरी बाजू फार अंधारी वाटली तर तिकडून थर्माकोलची पांढरी शीट धरा, बस्स. दुसरा लाइट घ्यायची घाई अजिबात करू नका, एका लाइटवर हात बसू दे.

प्रश्न : मी स्टीलच्या वस्तू आणि दागिने ऑनलाइन विकते. प्रत्येक फोटोत माझंच प्रतिबिंब आणि खोलीतलं सामान दिसतं. पोलरायझर लावला, काही उपयोग झाला नाही. रंगही कधी निळा, कधी पिवळा.

उत्तर : पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर पाण्यावरची, काचेवरची, वार्निशवरची चमक कापतो, उघड्या धातूवर तो जवळजवळ कामच करत नाही, त्यामुळे तुमच्या फिल्टरमध्ये काही दोष नाही. चकचकीत धातूला स्वतःचं असं रूप फारसं नसतंच, तो समोर जे असेल ते दाखवतो. म्हणून वस्तूवर लाइट मारायचा नाही, वस्तूला जे दिसतं ते उजळवायचं.

वस्तू खिडकीजवळच्या टेबलावर ठेवा, डावी-उजवीकडे आणि डोक्यावर ट्रेसिंग पेपर ताणून एक छोटा तंबू करा आणि पुढे लेन्सपुरती फट ठेवा. लाइट कागदाच्या बाहेरून मारा. आता स्टीलच्या डब्यावर तुम्ही दिसत नाही, पांढरा कागद दिसतो. पण एवढ्यावर थांबलात तर डबा पांढऱ्यात पांढरा, कड हरवलेला दिसेल, त्याचं स्टीलपण जातं. म्हणून काळ्या कार्डाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा आणि फ्रेमच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना उभ्या करा, त्या डब्याच्या कडेला बारीक काळ्या रेघा होऊन उमटतात आणि आकार एकदम उठून येतो. पट्टी बोटभर सरकवली तरी रेघ बदलते, तेव्हा स्क्रीनवर बघत बघत सरकवा, इथे घाई केली की फोटो गेला. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ 100, एफ 11, शटर कितीही लांबू दे, वस्तू काही हलणार नाही.

रंगाचं म्हणाल तर खिडकीतला उजेड साधारण 5500 केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा उजेड पिवळा) आणि पिवळा बल्ब 2700 ते 3000, दोन्ही एकत्र आले की कोणताच व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात करायची रंगाची सेटिंग) बरोबर बसत नाही. बाकीचे दिवे बंद करा, ग्रे कार्डचा, म्हणजे साध्या राखाडी कार्डाचा एक फोटो घेऊन कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करा. पांढरं बॅकग्राउंड मळकट येत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +1 करा, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं मधल्या राखाडीवर आणायला बघतो.

प्रश्न : फ्लॅशच्या फोटोत खाली काळी पट्टी येते. कॅमेरा बिघडला का?

उत्तर : नाही. शटर सिंक स्पीडच्या (फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सगळ्यात जास्त शटर वेगाच्या) वर गेलंय, बऱ्याच कॅमेऱ्यांत ते 1/200 किंवा 1/250 असतं. 1/160 ला आणा, पट्टी जाईल. एलईडीखाली अनेक फिकट पट्ट्या येतात ते प्रकरण वेगळं, तिथे वीज 50 हर्ट्झची असेल तर 1/50 किंवा 1/100 ठेवा आणि सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा.

प्रश्न : चष्मा असलेल्यांच्या काचेत लाइट दिसतो. चष्मा काढायला सांगू का?

उत्तर : नका सांगू, ज्यांना रोज चष्म्यात बघतो ते चष्म्याशिवाय परके दिसतात. लाइट वर आणि बाजूला सरकवत जा, ज्या कोनात काचेवर येतो त्याच कोनात परत जातो, कधीतरी प्रतिबिंब कॅमेऱ्याला चुकवून खाली पडतंच. तेवढ्याने भागलं नाही तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, काच जमिनीकडे झुकते, समोरून कळतही नाही. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर हे अवघड जातं, अशा वेळी तो थोडा मागे न्या आणि सावली जराशी कडक आली तर येऊ दे.

प्रश्न : वडिलांचा फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला फ्लॅश सापडलाय. डिजिटल कॅमेऱ्यावर चालेल?

उत्तर : मोजल्याशिवाय लावू नका. काही जुन्या फ्लॅशचं ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशच्या पायातून कॅमेऱ्याला लागणारं व्होल्टेज) 200 च्याही वर असतं आणि त्याने कॅमेऱ्याचं सर्किट जळू शकतं. फ्लॅश चार्ज करून पायाची मधली पिन आणि बाजूचा धातू यांच्यात मल्टिमीटर लावा, आकडा कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. जास्त असेल तर तेवढं व्होल्टेज सोसणाऱ्या वायरलेस ट्रिगरवर लावून कॅमेऱ्यापासून लांब वापरा. टीटीएल मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, पॉवर हातानेच ठरवायची. आणि बंद पडला तरी घरी उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही जबर शॉक देण्याइतकं व्होल्टेज राहतं.