शाश्वतता अहवाल कोणासाठी लिहायचा?

प्रश्न : मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात काम करते. आमचा शाश्वतता अहवाल, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणीय व सामाजिक कामगिरीचा अहवाल, दरवर्षी सुबक इंग्रजीत निघतो. शेजारच्या गावातील लोक मात्र विहिरींच्या पाण्याविषयी आणि आमच्या सांडपाण्याविषयीच विचारतात. आमच्या विभागाची जबाबदारी नेमकी कुठवर जाते?
– एक वाचक, वास्को

उत्तर : गावकरी जे विचारतात, त्याला अहवालात पहिले स्थान मिळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या 'सेबी'ने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातील पहिल्या 1000 सूचिबद्ध कंपन्यांना शाश्वतता अहवाल बंधनकारक केला असून त्यात वीज, पाणी, कचरा आणि हरितगृह वायूंची आकडेवारी द्यावी लागते. परंतु तो प्रामुख्याने गुंतवणूकदारांसाठी असतो. उन्हाळ्यात कंपनी रोज किती पाणी उपसते, प्रक्रियेनंतरचे सांडपाणी कुठे सोडले जाते आणि त्याची तपासणी कोण करते, हे गावाला त्यातून सहजासहजी कळत नाही.

आकडे देतानाही काळजी हवी. 'उत्सर्जन 20 टक्क्यांनी घटले' असे लिहिताना ते कोणत्या वर्षाच्या तुलनेत आणि दर नगामागे की एकूण, हे सांगितलेच पाहिजे. कारण दर नगामागे 20 टक्के घट झाली आणि त्याच काळात उत्पादन दुप्पट झाले, तर एकूण उत्सर्जन 60 टक्क्यांनी वाढलेले असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 'पर्यावरणपूरक' यांसारख्या मोघम दाव्यांनाही पुरावा द्यावा लागतो. वृक्षारोपणाची छायाचित्रे हा तो पुरावा नव्हे.

भाषेचा प्रश्न गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. जनसुनावणी लागणाऱ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा, असे केंद्र सरकारची 2006 ची पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचना सांगते, आणि पर्यावरणीय मंजुरीतील अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल हा सार्वजनिक दस्तऐवज असतो. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात धूळ आणि पाणी यांवरून गावे आणि कंपन्या यांच्यात जो अविश्वास साचला, तो पाहता कायद्याने सांगितले तेवढेच करून भागणार नाही. तुमच्या कंपनीला अशी सुनावणी लागू असो वा नसो, पाणी व सांडपाण्याची माहिती कोकणी आणि मराठीत, एका पानावर, जबाबदार अधिकाऱ्याच्या दूरध्वनी क्रमांकासह पंचायतीत लावावी, आणि ग्रामसभेने बोलावल्यास तो अधिकारी स्वतः जावा. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा बंद पडली, तर पंचायतीला ते त्याच दिवशी तुमच्याकडूनच कळले पाहिजे. हे कळवण्याचा अधिकार व्यवस्थापनाकडून लेखी मागून घ्या.