रागाचे खरे नाव

प्रश्न : मी गेली नऊ वर्षे एका कंपनीत आहे आणि दीड वर्षापासून सहा जणांच्या गटाचा प्रमुख आहे. बैठकीत माझ्या कामातली चूक कोणी सर्वांसमोर दाखवली, की माझा आवाज चढतो आणि मी तोडून बोलतो. वार्षिक मूल्यमापनात वरिष्ठांनी ‘काम चोख, भावनिक समज कमी’ असा शेरा मारला. तेव्हापासून मी बैठकीत तोंड मिटून बसतो. मात्र तोच राग संध्याकाळी हाताखालच्या कोणावर तरी निघतो. भावनिक बुद्धिमत्ता उपजत असते, की ती कमावता येते?

उत्तर : स्वभावाचा वाटा असतोच, पण ती बऱ्याच अंशी कमावता येते. तुम्ही मात्र ती ज्या मार्गाने कमावू पाहता आहात, त्या मार्गाने ती येणार नाही. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे राग गिळणे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली, तेव्हा त्यांना अभिप्रेत होते ते स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतला फरक करणे आणि त्या माहितीच्या आधारे विचार व कृती ठरवणे. लेखक डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या पुस्तकाने हा शब्द कार्यालयांत पोहोचवला. तिथे त्याचा अर्थ ‘सदैव हसतमुख राहा’ इतका पातळ झाला, असे माझे मत आहे.

गिळलेल्या भावनेचे काय होते, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९० च्या दशकात तपासले. किळस आणणारी चित्रफीत पाहताना चेहऱ्यावर काहीही उमटू द्यायचे नाही, असे ज्यांना सांगितले होते, त्यांचे चेहरे शांत राहिले. परंतु आतली किळस कमी झाली नाही, उलट शरीरावरचा ताण वाढला. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की भावना दाबणाऱ्यांना त्या वेळी समोर आलेली माहिती कमी आठवते. तोंड मिटून बसलेल्या बैठकीत काय ठरले, हे तुम्हाला नंतर दुसऱ्याला विचारावे लागते का, ते जरा पाहा.

दाबण्याऐवजी आधी ओळखा. ‘राग’ हे आपण सरसकट वापरतो ते नाव आहे. त्याखाली खजील होणे, चडफड, धसका, हिरमोड, पाणउतारा झाल्याची बोच, असे बरेच काही झाकलेले असते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. समजा, पडद्यावर तुमचा तक्ता आहे आणि कोणी म्हणते, ‘हा आकडा मागच्या महिन्याचा आहे.’ कान तापतात, हातातले पेन घट्ट आवळले जाते. त्या क्षणी मनात एवढेच म्हणा, की मी खजील झालो आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासात, भावनेला शब्द दिल्यावर मेंदूतील अमिग्डला या, भीतीसारख्या तीव्र भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया मंदावलेली आढळली. खजील झालेल्या माणसाला भांडायचे कारण उरत नाही. ‘बरोबर, जुना आकडा राहून गेला, दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवतो’ एवढे वाक्य पुरते. हे वाक्य ऐनवेळी सुचत नाही, म्हणून ते बैठकीआधीच तयार ठेवावे. दाखवलेली चूक मुळात तुमची नसेल आणि मनात अन्यायाची बोच असेल, तर मात्र गप्प बसू नका. बैठक संपल्यावर त्या व्यक्तीला एकटे गाठून नेमके काय चुकीचे बोलले गेले, ते सांगा.

ज्या सहकाऱ्यावर राग निघाला, त्याच्याशीही बोलायचे राहिले आहे. ‘मनावर घेऊ नकोस’ ही माफी नव्हे. कोणत्या दिवशी काय बोललात आणि त्यात त्याचा दोष नव्हता, हे स्पष्ट शब्दांत सांगा. पहिल्या खेपेला जीभ जड होईल, हे गृहीत धरा.

प्रश्न : मी ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकते. दिवसभर गोड बोलते आणि घरी आल्यावर कोणाशी शब्दही बोलावासा वाटत नाही. माझी भावनिक बुद्धिमत्ता कमी पडते आहे का?

उत्तर : नाही. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉखशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करून याला भावनिक श्रम असे नाव दिले. पगारासाठी ठरावीक भावना दाखवत राहणे हेही श्रमच आहेत, आणि श्रमांनी थकवा येतो. शिवीगाळ करणाऱ्याचा फोन वरिष्ठाकडे वळवण्याची आणि त्यानंतर दोन मिनिटे थांबण्याची मुभा तुम्हाला आहे का, हे विचारून घ्या. असेल तर ती न संकोचता वापरा. नसेल तर ती एकटीने न मागता सहकाऱ्यांसह मागा.