गावातल्या पोरांचं निसर्ग मंडळ: सुरुवात तितराच्या धुऱ्यापासून करा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. पांढरकवडा तालुक्यातलं गाव, टिपेश्वर अभयारण्याजवळ, आठवी ते अकरावीचे पोट्टे-पोट्ट्या, शाळेतलं इको क्लब फलकापुरतं, आणि वाघाचे व्हिडिओ दाखवून झाले, पोस्टरं लावून झाली, आता पुढं काय करायचं ते सुचत नाही. वरून आईबाप म्हणतात, रोही (नीलगाय)-डुक्कर आमचं वावर खाऊन राहिले अन् तुम्ही पोरांना त्यांनाच पोसायला शिकवता का. उत्तर लांबणार आहे, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे वाघ बाजूला ठेवा. वाघाच्या अधिवासात पोट्टे काहीच बदलू शकत नाहीत, तिथं ते नुसते बघे होतात. अधिवास सांभाळणं म्हणजे निर्णय घेणं: या जागेत या प्राण्याला काय कमी पडतंय, ते आपण कसं भरून काढू, आणि ते केल्यावर दुसऱ्या कोणाचं बिघडेल. हा निर्णय पोरानं स्वतः घ्यायचा आणि चारचौघांत उभं राहून कारण सांगायचं. अमेरिकेत फोर-एच म्हणून पोरांचे क्लब आहेत, त्यांच्यात याच विषयाचा कार्यक्रम चालतो, स्पर्धाही होतात. मुलांना एक जागा दाखवतात, काही प्राणी ठरवून देतात, मग मुलं फिरून बघतात, लेखी आराखडा करतात आणि इथं हे का करावं, ते का करू नये, हे तोंडी सांगतात. प्राणी ओळखणं हा त्यातला फक्त एक भाग. आपल्याकडं गाडी तिथंच थांबते, पक्ष्यांची नावं पाठ झाली की आपण खूश, फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झालं.

तर एक प्राणी अन् एक तुकडा. प्राणी म्हणून मी तितर घ्या म्हणीन. एक तर सगळ्यांना माहीत, सकाळी बोलायला लागलं की अख्खं गाव ऐकते. दुसरं, ते जंगलात नाही, आपल्या धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर, पांदणीच्या काठानं, पडीतात राहते, म्हणजे पोरं जिथं रोज जातात तिथंच. आणि त्याच्या गरजा सोप्या वाटतात पण आहेत भानगडीच्या. खायला बिया, दाणे, वाळवी, किडे. पिल्लांना तर किडेच जास्त लागतात. अंडी जमिनीवर, झुडपाच्या बुडाशी. रात्री बसायला मात्र बाभळी-बोरीसारखं काटेरी झाड. अंग घोळायला मोकळी माती. म्हणजे गवत पाहिजे, काटा पाहिजे, मोकळी जागा पाहिजे आणि हे सगळं जवळजवळ पाहिजे. आता पोरांना धुऱ्यावर न्या अन् विचारा, यातलं इथं काय आहे, काय नाही. अर्धे म्हणतील पाणी नाही, सगळ्यांना पहिले पाणीच आठवते. बोलू द्या.

आडोसा किती आहे हे बघायची एक साधी रीत सांगतो, साहित्य काहीच लागत नाही. एका पोरानं पांढरा दुपट्टा किंवा सदरा गुडघ्याच्या खाली, गवतात, ताणून धरायचा. बाकीच्यांनी दहा पावलं मागं जाऊन उकिडवं बसायचं, म्हणजे डोळे खाली, कोल्ह्यासारख्या जनावराच्या नजरेजवळ येतात, आणि कपडा किती दिसतो ते सांगायचं: पूर्ण, अर्धा, का काहीच नाही. उभं राहून बघितलं तर गवत दाट वाटते, बसून बघितलं की बुडाशी सगळं उघडं असते, ढोरांनी खाल्लेलं. हे पोरांना बसल्यावरच कळते, सांगून नाही कळत. हेच मोजमाप जुलैत करा, दिवाळीनंतर करा, एप्रिलात करा, त्याच जागी खुंटी ठोकून. उन्हाळ्यातला आकडा बघून एखादी पोट्टी स्वतःच विचारेल, मग अंडी घालायच्या वेळी ते लपते कुठं? इथून खरं काम सुरू होते.

मग त्यांनी आराखडा करायचा. साधारण काय निघेल ते मला माहीत आहे: धुरा पेटवायचा नाही, धुऱ्यावर तणनाशक मारायचं नाही (आजकाल फवारणी करता करता धुराही सफाचट करतात, कारण तो घाण दिसतो म्हणे), एखादी बोर ठेवायची, ई-क्लासच्या, म्हणजे गावच्या सरकारी चराईच्या जमिनीचा एक भाग पावसाळ्यात ढोरांपासून बंद ठेवायचा. इथं तुम्ही मुद्दाम खोडा घाला. म्हणा, टिटवीचं काय? टिटवी उघड्या मुरमाड जागेवर अंडी घालते, गवत वाढलं तर ती जाईल. चंडोलाला उंच गवत नको. ज्याच्या बकऱ्या आहेत त्या पोराला विचारा, चराईबंदी तुझ्या बापाला चालते का. भांडण होईल, होऊ द्या, तोच तास खरा. शेवटी पोरं म्हणतील अर्धा भाग बंद, अर्धा उघडा, पुढच्या वर्षी अदलाबदल. पुस्तकातही हेच लिहिलेलं आहे, पण पोरांनी ते बकऱ्यांवरून भांडून शोधलेलं असते, म्हणून टिकते.

आता एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ई-क्लासवर झाडं लावायचा कार्यक्रम करू नका. तुम्ही मंडळ काढलं की पहिले कोणीतरी रोपं घेऊन येणार, सरपंच म्हणणार खड्डे खणा, जूनमध्ये फोटो निघणार. गवताळ माळ ही रिकामी जागा नाही. अकोला-वाशीमकडं तणमोर पक्षी अशाच माळांवर अन् आजूबाजूच्या पिकात पावसाळ्यात येतो, नर गवतातून उड्या मारतो मादीला बोलवायला, आणि फासेपारधी लोकांना त्याच्या जागा जेवढ्या ठाऊक तेवढ्या कोणाला नाहीत, त्यांच्यातलेच काही जण आता तो वाचवायच्या कामात आहेत. त्या माळावर गिरिपुष्प नाहीतर सुबाभूळ ठोकली की खेळ खलास. लावायचंच असेल तर गवत लावा. गावातल्याच चांगल्या कुरणातून पवन्या, मारवेलचं बी दिवाळीच्या सुमारास पिकलं की ओंब्या ओरबाडून पोत्यात भरा, कोरडं ठेवा, पहिल्या पावसात पेरा. पोरांना हे काम भारी आवडते आणि ढोरांनाही चारा होतो, म्हणून गावातून विरोध कमी.

रायमुनिया (घाणेरी) काढायचं म्हणाल तर काढा, पण पद्धतीनं. वरून कापली की दुप्पट फुटते हे सगळ्यांनी बघितलेलं आहे. जमिनीच्या तीन-चार सेंटीमीटर खाली मुख्य मूळ तोडायचं, झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे फांद्या मातीला लागून परत मूळ धरत नाहीत. फळं धरायच्या आधी काढा, नाहीतर ओढता ओढता तुम्हीच बी पेरता. आणि मोकळ्या झालेल्या जागी लगेच गवत नाही आलं तर बुलबुल बाकीचं बी आणून टाकतातच, म्हणून पुढची दोन-तीन वर्षं त्याच जागी रोपटी उपटायला जावं लागते. ही तयारी नसेल तर हात लावू नका. एकदम सगळं साफ करू नका हेही आलंच, ससे-लावे तिथंच लपून असतात.

पूर्व विदर्भातलं कोणी वाचत असेल तर तुमच्याकडं मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, तिथं तितराऐवजी तलावाचा काठ घ्या. बेशरम नावाचं झुडूप काढणं, पाण्यातल्या देशी वनस्पती परत लावणं, मासे-पक्षी मोजणं, ही कामं ढिवर बाया-माणसं गोंदियात करतात, त्यांनाच पोरांचे गुरुजी करा. गोंदियात तर सारस धानाच्या बांधीत घरटं करते, तिथं अधिवास म्हणजे शेतकऱ्याचंच वावर.

पाणवठ्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी लिहितो. गावाजवळ प्राण्यांसाठी टाकं बांधायचा उपक्रम पोरांकडून करू नका. पाणी आलं की चितळ-डुक्कर येईल, त्याच्या मागं बिबट येईल, अन् ते टाकं उन्हाळ्यात रोज भरणार कोण? सुट्टीत पोरं मामाच्या गावी. पाखरांसाठी अंगणात मातीचं भांडं ठेवा, पुरे.

वाळलेल्या झाडांचं मात्र नक्की करा. गावात कोरडं झाड म्हणजे सरपण. पण धनेश, पिंगळा, सुतार, पोपट सगळे ढोलीवाले. मेळघाटातही असलेला रानपिंगळा, जो संपला असं समजून बसले होते आणि १९९७ मध्ये ११३ वर्षांनी शहाद्याकडं परत सापडला, तोही जुन्या झाडाच्या ढोलीतच अंडी घालतो. पोरांनी गावातली ढोलीची झाडं नकाशावर मांडायची, मालकाच्या घरी जाऊन विचारायचं की हे राहू द्याल का. काही मालक हो म्हणतात, खरंच म्हणतात.

आता सुरक्षा, यात मी ऐकणार नाही. तुमच्याकडं वाघ आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक कॉलर लावलेला नर वाघ १३०० किलोमीटरच्या वर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगात पोचला, आणि तो काही जंगलाजंगलानं नाही गेला, नाले, वावरं, पांदणी धरून गेला. म्हणजे जो नाला तुम्ही पोरांना दाखवणार तो त्याचाही रस्ता असू शकते. म्हणून फेरी ऊन चढल्यावर, आठच्या आधी नाही, दिवस कलायच्या आत घरी. नेहमी घोळक्यानं, मोठी माणसं पुढं-मागं, आणि दाट झुडपात आधी मोठ्यांनी काठ्या आपटत जायचं, पोरं नंतर. गावाजवळ हालचाल आहे असं बीट गार्डनं (वनरक्षकानं) सांगितलं तर फेरी रद्द, विषय संपला. मोहाच्या दिवसांत पोरं तसंही पहाटे मोहफुलं वेचायला जातात, तिथं एकटं जायचं नाही अन् खाली वाकून वेचताना एकानं उभं राहून बघायचं, एवढं शिकवलं तरी मंडळाचं सार्थक. झाडाखालचा पाला पेटवण्यापेक्षा झाडून घ्यायचा हेही त्याच वेळी सांगा, आपल्याकडच्या बऱ्याच आगी तिथूनच लागतात.

आणि फवारणी. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते तुम्हाला सांगायला नको. ताज्या फवारलेल्या कपाशीच्या धुऱ्यावर पोरं न्यायची नाहीत, आदल्या दिवशी मालकाला फोन करा.

परवानगीचं थोडक्यात: अभयारण्याच्या आत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काडी हलवायची नाही. ई-क्लाससाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि त्याआधी तलाठ्याकडं नोंद बघा, पोरांना सोबत न्या, सातबारा वाचता येणं हेही शिक्षणच आहे. नागपूर विभागातल्या लोकांनी जास्त जपावं, तिथं जमीन झुडपी जंगल म्हणून निघाली तर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ते वनच धरतात. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती असतेच, कागदावर का होईना, त्यांची नोंदवही काढायला लावा. बऱ्याच ठिकाणी ती एकाच बैठकीत भरलेली असते. पोरांच्या नोंदी तिच्यात गेल्या तर त्यांनाही वाटते आपण काहीतरी केलं.

राहिला आईबापांचा प्रश्न. ते चूक बोलत नाहीत, रात्र रात्र जागलीवर तेच बसतात. त्यांना सांगा, अधिवास सांभाळणं म्हणजे सगळं वाढवत सुटणं नाही, कुठं कोण नको हेही त्यातच येते. त्या फोर-एचवाल्यांच्या आराखड्यातही नुकसान करणाऱ्या प्राण्यांचा बंदोबस्त हा भाग असतो. डुकरं दिवसा नाल्याकाठच्या गच्च रायमुनियात पडून राहतात अन् रात्री तुमच्या तुरीत शिरतात. तितराला असली गच्च झाडी लागत नाही, त्याला गवत अन् एखाददुसरं काटेरी झुडूप पुरते. मग पोरांच्या आराखड्यात वावराला लागून असलेला गच्च पट्टा काढायचा आणि धुऱ्यावरचं गवत ठेवायचं, दोन्ही एका कागदावर बसते. हे बापाला पटते. शिवाय पीक नुकसानीचा अर्ज कसा भरायचा, फोटो कसे काढायचे, पंचनाम्याला काय लागते, हे दहावीच्या पोरांना शिकवा. घरात एकदा त्या अर्जाचे पैसे आले की मंडळाला कोणी नावं ठेवत नाही. कुंपणात करंट सोडू नये हे मात्र पोरांच्या तोंडून बापाला सांगायला लावू नका, घरात भांडणं होतात. ते लाईनमन अन् वनरक्षकाला गावसभेत सांगू द्या.

प्रमाणपत्रं वगैरे द्या, पण हजेरीची नको. दिवाळीनंतर पोरांनी आराखडा गावसभेत मांडायचा, लोक प्रश्न विचारतील, ज्यानं कारणं नीट सांगितली त्याला द्या. वही पोरांकडं ठेवा, शाळेच्या कपाटात गेली की गेली.

तुमच्या ई-क्लासचा तुकडा मुरमाड आहे का काळ्या जमिनीचा, आणि आत्ता त्यावर कुसळ जास्त आहे की तरोटा, एवढं लिहा. गवत कोणतं पेरायचं ते त्यावरून सांगतो.