घोळणा वाहत नाही, फुटतो

प्रश्न असा आहे: ‘हर्निया हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ फाटणे, असे एका आरोग्यविषयक लेखात वाचले. हे खरे का? आणि हेमरेजमधला ‘रेज’ म्हणजे वाहणे, हे तरी बरोबर का?’

दोन्ही चूक. हर्नियाचे आधी उरकतो. तो शब्द लॅटिन. ग्रीक वैद्य त्या दुखण्याला ‘केले’ म्हणत, म्हणजे गाठ किंवा फुगवटा. आतडे उतरले असेल तर एन्तेरोकेले, पाणी साचले असेल तर हिद्रोकेले, ज्याचे आज हायड्रोसील झाले आहे. सुश्रुतानेही याला वृद्धीच म्हटले आणि वृद्धीच्या सात प्रकारांत आंत्रवृद्धी धरली. मराठीत अंतर्गळ. यात फाटणे कुठेही नाही. ते आले इंग्रजीतल्या ‘रप्चर’मधून, आणि तोही लॅटिनच.

आता हेमरेज. ‘हेमो म्हणजे रक्त, रेज म्हणजे वाहणे, म्हणून रक्तस्राव’ ही फोड इतक्या वेळा कानावर येते की ऐकवत नाही. ग्रीक शब्द आहे हायमोऱ्हागिआ, आणि त्याचा उत्तरार्ध ‘ऱ्हेग्नुमि’ या धातूचा. ऱ्हेग्नुमि म्हणजे फोडणे, फाडणे. वाहण्याचा धातू वेगळा, ‘ऱ्हेओ’. त्यापासून डायरिया झाला आणि हायमोऱ्होइस, म्हणजे मूळव्याधीचे हिमोरॉइडही झाले. दोघांच्या आरंभी ‘ऱ्ह’ दिसतो म्हणून त्यांना भाऊ मानायचे कारण नाही. ऱ्हेओचा ‘ऱ्ह’ हा मूळच्या ‘स्र’चा, तर ऱ्हेग्नुमिचा ‘ऱ्ह’ हा मूळच्या ‘व्र’चा. लेस्बोस बेटाच्या बोलीत तो ‘व’ टिकून होता, हे जुन्या ग्रीक व्याकरणकारांनी नोंदवलेले आहे.

आणि हा ‘स्र’ म्हणजे आपला ‘स्रु’ धातूच. स्रवणे, स्राव, स्रोत ज्या मुळातून आले, त्याच मुळातून ग्रीक ऱ्हेओ आला. म्हणजे ‘रक्तस्राव’ या शब्दाचा ग्रीकमधला सख्खा जोडीदार हेमरेज नव्हे, हिमोरॉइड आहे! पारिभाषिक शब्द घडवणाऱ्यांनी हेमरेजसमोर रक्तस्राव लिहिले आणि ग्रीकांनी जपलेला भेद एका फटक्यात पुसला. अर्थाने चालते, असे कोणी म्हणेल. व्यवहारात चालतेच. पण मग त्यालाच व्युत्पत्ती म्हणून शिकवू नये.

खरे म्हणजे या शब्दाला अचूक मराठी जोड घराघरात होती. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रातीसच्या नावावरच्या ग्रंथांत हायमोऱ्हागिआ हा शब्द पुष्कळदा नाकातून येणाऱ्या रक्ताबद्दल आहे. तापात असे रक्त भरपूर आले तर ते वैद्य त्याकडे आजाराच्या निर्णायक वळणाचे लक्षण म्हणून पाहत. मराठीत त्याला काय म्हणतात? घोळणा फुटणे. उन्हातान्हात हिंडून आलेल्या पोराचा घोळणा वाहत नाही, फुटतो. ऱ्हेग्नुमि हेच सांगतो: आत कोंडलेले एकाएकी बाहेर आले. फुटल्यावर रक्त वाहते, हे ग्रीकांनाही ठाऊक होते, आणि ‘नाकातून रक्त वाहणे’ असा प्रयोगही त्यांच्या सूत्रांत आहे. पण विकाराला नाव ठेवताना त्यांनी क्षण पकडला तो फुटण्याचा. आजचे डॉक्टर याच विकाराला एपिस्टॅक्सिस म्हणतात, तो ठिबकण्याच्या धातूचा. ठिबकणे, वाहणे, फुटणे ही तीन वेगळी क्रियापदे आहेत आणि घोळण्यासाठी मराठीने त्यांतले तिसरे निवडले. ‘मेंदूतली नस फुटली’ असे सांगणाऱ्या नातेवाईकाला ‘रक्तस्राव म्हणा’ असे सुचवणारे मी ऐकले आहेत. तो नातेवाईक ग्रीक शब्दाच्या जास्त जवळ असतो.

हाडाला मात्र ऱ्हेग्नुमि लावत नाहीत, तिथे ‘अग्नुमि’, मोडणे. अस्थिभंगावरच्या हिपोक्रातीय ग्रंथाच्या नावात त्याच धातूचा ‘अग्मोस’ आहे. पुढचा ग्रीक वैद्य गालेन याने तर शरीराचा अखंडपणा तुटण्याची नावे जागेनुसार लावून दिली: हाडात काताग्मा, मांसात हेल्कोस, ‘नेउरोन’ (नस किंवा स्नायूची दोरी) तुटला तर स्पास्मा. या स्पास्माला आचका समजून भाषांतर करणाऱ्यांनी जुन्या औषधी ग्रंथांचा फार घोटाळा केला आहे. आचक्याला ग्रीकमध्ये ‘स्पास्मोस’ हा निराळा शब्द आहे. औषधी वनस्पतींवर लिहिणारा ग्रीक वैद्य दिओस्कोरिदीस एखादी मुळी ‘ऱ्हेग्मा (फाटणे) आणि स्पास्मा यांवर’ द्यायला सांगतो तेव्हा त्याच्यासमोर पडल्या-झडल्याने आतून फाटलेला, ताणलेला माणूस आहे, झटके येणारा नाही.

ऱ्हेग्नुमि शरीरापुरता नाही, आणि मला तो आवडतो तो त्यामुळेच. होमरमध्ये लाट किनाऱ्यावर फुटते ती जागा ‘ऱ्हेग्मिन’. शत्रूची फळी फोडणारा ग्रीक वीर अखिलेउस ‘ऱ्हेक्सेनोर’. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सांगितलेली लिडियाचा राजा क्रीसस याच्या मुक्या मुलाची गोष्ट तर मराठी माणसाने मुळातच वाचावी. त्याची राजधानी सार्दिस पडली, एक पर्शियन सैनिक क्रीससला न ओळखता मारायला धावला, आणि जन्मात न बोललेल्या मुलाने भयाने ‘आवाज फोडला’: अरे माणसा, क्रीससला मारू नकोस! तिथे क्रियापद ऱ्हेग्नुमिच आहे. आपण म्हणतो, कंठ फुटला.

राहिले याच धातूशी जोडले जाणारे ऱ्हेगिऑन, म्हणजे इटलीच्या टोकाचे आजचे रेज्जो. सिसिली भूकंपाने मुख्य भूमीपासून फुटून निघाली म्हणून हे नाव, असे नाटककार एस्किलस म्हणतो, आणि ते भूगोलकार स्ट्रॅबोने उद्धृत केले आहे. स्ट्रॅबो लगेच दुसरा पर्याय देतो: लॅटिनमधल्या ‘राजेशाही’ या अर्थाच्या शब्दावरून. हा दुसरा पर्याय शहाणपणाचा आणि पहिला कवीची कल्पना, असे मानण्याची पद्धत आहे. मला ती मुळीच पटत नाही. सामुद्रधुनीच्या त्या काठावर जमीन किती फुटते, हे 28 डिसेंबर 1908 च्या भूकंपाने रेज्जो आणि समोरचे सिसिलीतले मेस्सिना दोन्ही उद्ध्वस्त करून दाखवले. वसाहत झाली इ.स.पू. आठव्या शतकात, आणि ती करणारे लोक खाल्किसहून आलेले ग्रीक. त्यांनी आपल्या नव्या गावाला लॅटिन नाव का द्यावे, हे ‘राजेशाही’वाल्यांनी आधी सांगावे.