विहिरीच्या पाण्यातलं आर्सेनिक आठवी-नववीच्या मुलांना कसं समजावून सांगावं?

सुरुवात उकळण्यापासून करा. ‘पाणी उकळलं की शुद्ध होतं’ हे मुलांच्या डोक्यात पक्कं असतं आणि आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याच्या बाबतीत तेच घातक ठरतं. वाटीभर पाण्यात चमचाभर मीठ विरघळवा, वर्गासमोर ते आटेपर्यंत उकळा. तळाशी पांढरा थर उरतो. आर्सेनिकचंही तसंच होतं: जंतू मरतात, ते मात्र मागे राहतं, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं.

त्याला रंग, वास, चव काहीच नसते, त्यामुळे तपासणीशिवाय कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा नुसता फळ्यावर लिहू नका. हजार लिटरच्या टाकीत १० मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या चिमटीहून कितीतरी कमी, असं सांगा.

ते बहुतेक ठिकाणी जमिनीतल्या खडकांतून, गाळातूनच येतं. बांगलादेशात जंतू टाळायला लाखो कूपनलिका खोदल्या आणि त्यातल्या अनेकांत आर्सेनिक निघालं. मग तपासून दूषित पंप लाल आणि सुरक्षित पंप हिरवे रंगवले. मुलांना ही गोष्ट चांगली लक्षात राहते.

परिणाम वर्षानुवर्षं पाणी प्यायल्यावर दिसतात: त्वचेवर काळे डाग, तळहात-तळपायांवर कडक गाठी, पुढे त्वचा, मूत्राशय, फुफ्फुसांचा कर्करोग. आणि एक नक्की सांगा, हा आजार संसर्गजन्य नाही. डाग पाहून लोक अशा माणसाला दूर ठेवतात, त्याच्या मुलांशीही खेळू देत नाहीत.