घोडबंदर रोडच्या 10 बाय 15 फुटी हॉलसाठी स्वस्त 5.1 रिसीव्हर घ्यावा का? वापरणारे म्हणतात, तो आपोआप बंद पडतो

जरूर घ्या. 5.1 रिसीव्हर म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (खोल आवाजाचा, म्हणजे बासचा स्पीकर) सांभाळणारा अ‍ॅम्प्लिफायर. एवढ्या हॉलला खरे 50-60 वॉट पुरून उरतात. खोक्यावरचे 130-140 वॉट बहुतेकदा एकच चॅनल (एका स्पीकरचा आवाज) चालवून, आवाजात 10 टक्के विकृती धरून मोजलेले असतात, त्यांच्याकडे बघूच नका.

आपोआप बंद पडण्यामागे बऱ्याचदा वायर असते. सोललेल्या टोकाची केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला लागली, की रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो. 16 गेजची तांब्याची वायर घ्या, टोक 1 सेंटीमीटरच सोला, तारा घट्ट पिळा. तरीही बंद पडला तर उष्णता तपासा. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात तो ठेवूच नये, वर निदान 10-15 सेंटीमीटर मोकळी जागा हवी.

दुसरी तक्रार, मागचे स्पीकर मुके. टीव्हीचा ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) असेल तर साध्या एआरसीतून (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे नेणारी एचडीएमआय जोडणी) दोनच चॅनल जातात. तो बिटस्ट्रीम (न उलगडता रिसीव्हरकडे जाणारा आवाज) करा, एचडीएमआय-सीईसी (टीव्ही आणि रिसीव्हर एकमेकांना चालवतात ती सोय) चालू ठेवा.

रिसीव्हरसोबतचा माइक लावून स्पीकरचे आपोआप सेटिंग करताना पंखा आणि एसी बंद, माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला. नंतर मेनूत स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झ आहे ना, हे स्वतः बघा. पुष्कळदा रिसीव्हर ‘लार्ज’ लावून ठेवतो, सगळा बास त्यांच्याकडेच जातो आणि छोट्या स्पीकरचा जीव जातो. सबवूफर कोपऱ्यात कोंबू नका, बास घुमतो आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.