लिफ्टमधला कुत्रा, पिंजऱ्यातला पोपट: वाचकांचे प्रश्न

महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात नोकरी करताना तक्रारवही रोज उघडावी लागे. तक्रार कुत्र्याच्या नावाने नोंदलेली असे; चौकशीला गेलो की भांडण दोन माणसांचे निघे. या वेळच्या पत्रांतही तेच आहे. उत्तरे देताना जिथे कायदा आहे तिथे तो सांगतो, जिथे नाही तिथे माझे मत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ६४ सदनिका आहेत. वार्षिक सभेत बहुमताने ठराव झाला की, कुत्रा पाळणाऱ्यांनी लिफ्ट वापरायची नाही आणि दरमहा ५०० रुपये जादा भरायचे. दोन सभासद जुमानत नाहीत. काय कारवाई करता येईल? (सोसायटीचे सचिव, ठाणे)

सचिवसाहेब, कारवाईला निघालात तर अडचणीत तुम्हीच याल. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी काढलेले परिपत्रक या बाबतीत स्पष्ट आहे. पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सगळ्या सभासदांनी हात वर केले तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. दुसरी लिफ्ट नीट चालू असेल तर ‘कुत्र्यासोबत ती वापरा’ एवढे सांगता येते. परिपत्रक म्हणजे कायदा नव्हे, हे तुमचे वकील सांगतीलच. पण प्रकरण उपनिबंधकांकडे किंवा कोर्टात गेले की समोरचा सभासद हाच कागद पुढे करणार.

एका इमारतीत मी बारा वर्षांचा लॅब्रेडॉर पाहिला होता. मागचे पाय संधिवाताने गेलेले. अशाच एका ठरावामुळे बापलेक त्याला चादरीच्या झोळीतून चार मजले खाली आणत, दिवसातून तीनदा. ठराव करणाऱ्यांपैकी कुणी ते पाहिले नसावे असे मी धरून चालतो.

आता त्या दोन सभासदांकडे वळतो, कारण चिडण्यासारखे काहीतरी घडल्याशिवाय ५०० रुपयांचा ठराव होत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचा दाखला यांची प्रत सोसायटीने मागावी. सामाईक जागेत कुत्रा साखळीला हवा, आणि साखळीचे दुसरे टोक त्याला आवरू शकणाऱ्या माणसाच्या हातात हवे. आठ वर्षांच्या मुलीच्या हाती जर्मन शेफर्ड देऊन खाली पाठवणे चालणार नाही. जिन्यात, बागेत घाण झाली तर ती मालकाने तिथल्या तिथे उचलायची. ‘झाडूवाले येतात ना’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे आणि ते प्रत्येक वेळी चूकच होते. लिफ्टमध्ये कुणी घाबरणारे असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. ते मात्र ठरावाने होत नाही.

प्रश्न : कुत्र्याचा परवाना खरोखरच लागतो का? आमच्याकडे कधी कुणी विचारले नाही. (पुणे)

लागतो. मुंबई, पुणे आणि इतर महापालिकांत कुत्र्याची नोंद करून दर वर्षी परवाना नव्याने घ्यावा लागतो, आणि त्यासाठी रेबीजच्या चालू लसीचा दाखला जोडावा लागतो. लहान गावात राहणाऱ्यांनी नगरपरिषदेत विचारावे. कुणी विचारत नाही हे खरे. पण कुत्रा कुणाला चावला की पोलीस ठाण्यातला पहिला प्रश्न तोच असतो.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी पार्सल घेऊन आलेल्या मुलाच्या पोटरीला आमचा कुत्रा चावला. जखम लहान होती, थोडे रक्त आले. कुत्र्याला सगळ्या लसी दिलेल्या आहेत, म्हणून मुलाला हळद लावून दिली आणि ‘काळजी करू नकोस’ म्हणून पाठवले. आता शेजारी म्हणतात, त्याला दवाखान्यात न्यायला हवे होते. (नाशिक)

शेजारी बरोबर आहेत. हे उत्तर पुढे वाचण्याआधी त्या मुलाला शोधा. ज्या कंपनीचे पार्सल होते तिच्या मदतकेंद्राला फोन करा आणि त्याला आजच सरकारी रुग्णालयात पाठवा, शक्य असेल तर स्वतः सोबत जा. चार दिवस गेले म्हणून उपयोग नाही असे समजू नका. रेबीजची लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी दिसतात, कधी आठवड्यात तर कधी वर्षानेही. एकदा दिसली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. त्यामुळे उशिरा का होईना, लस घ्यायचीच.

रक्त आले म्हणजे जखम तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीची. तिला लशीबरोबर जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिनचे (विषाणूशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचे) इंजेक्शन द्यावे लागते, कारण लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार होईपर्यंतचे दिवस त्यावर निभावतात. सरकारी दवाखान्यांत लस बहुधा कातडीत देतात : ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत दिली तर १४ व्या दिवशी आणखी एक. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात घर करून आहे. मेंदूच्या पेशींपासून बनवलेली ती जुनी लस आपल्याकडे २००४ च्या शेवटी बंद झाली. आताचे इंजेक्शन दंडात असते.

हळदीबद्दल. हळद, चुना, तिखट, चहाची पूड, काहीही लावायचे नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची. घड्याळ लावून पाहा, पंधरा मिनिटे फार लांब वाटतात. या विषाणूचे वेष्टन स्निग्ध असते, ते साबणाने फुटते. इतका स्वस्त आणि इतका गुणकारी उपाय दुसरा नाही.

‘कुत्र्याला लस दिली आहे, मग माणसाला कशाला?’ लस दिलेल्या कुत्र्याकडून धोका फारच कमी, पण लस कधी दिली, ती टोचेपर्यंत थंड जागी ठेवलेली होती का, बूस्टर चुकला का, हे त्या पोटरीवरून कळत नाही. म्हणून माणसाचे उपचार लगेच सुरू करायचे आणि कुत्र्यावर चावल्यापासून दहा दिवस नजर ठेवायची. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू लक्षणे दिसण्याच्या थोडेच दिवस आधी येतो, आणि मग कुत्रा फार दिवस जगत नाही. दहाव्या दिवशी कुत्रा ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, आणि डॉक्टर पुढचे डोस कमी करायचे की कसे ते ठरवतात. तुमचे चार दिवस झाले, सहा उरले. या काळात कुत्र्याला गावी पाठवू नका, कुणाला देऊ नका.

कायद्याचे तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये एवढी खबरदारी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या मुलाचा औषधाचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च तो मागण्याआधीच द्या. आणि बेल वाजली की कुत्रा आतल्या खोलीत, ही सवय आजपासून लावा.

प्रश्न : आमच्या गल्लीत एक बाई रोज रात्री भटक्या कुत्र्यांना भात घालतात. पंधरा-वीस कुत्री जमतात. महापालिकेला सांगून ती उचलून शहराबाहेर सोडता येतील का? बाई म्हणतात, सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली आहे. (कोल्हापूर)

तुम्ही दोघेही अर्धेच बरोबर आहात.

उचलून दुसरीकडे सोडणे नियमात बसत नाही. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे कुत्र्याला पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलले त्याच भागात सोडायचे. हे ऐकून लोक माझ्यावर चिडतात. कुत्र्यांच्या हद्दी असतात. वीस कुत्री हलवली तर खरकटे तिथेच राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत शेजारच्या हद्दीतली नवी कुत्री येतात, तीही बिनलसीची. जुनी निदान टोचलेली तरी असतात. वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पकडून हलवण्याने ती कुठे तुटल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

न्यायालयाचे म्हणाल, तर २०२५ मध्ये तीन वळणे आली. ११ ऑगस्टला दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत ठेवायला सांगितले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते बदलले : नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्याच भागात सोडा, फक्त रेबीज झालेली, संशयित किंवा आक्रमक कुत्री सोडू नका. त्याच आदेशात रस्त्यावर कुठेही खायला घालायला मनाई आहे. प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याच्या जागा पालिकेने ठरवायच्या. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायला आणि तिथे परत न सोडायला सांगितले.

म्हणजे बाईंना कुत्र्यांना जेवू घालता येईल, पण ठरलेल्या जागी. २०२३ च्या नियमांतही जिने, इमारतीचे दरवाजे आणि मुले खेळतात त्या जागा टाळायला सांगितले आहे, आणि खाऊ घालणाऱ्याने जागा स्वच्छ ठेवायची आहे. प्रभाग कार्यालयात अर्ज देऊन जागा ठरवून घ्या. अर्जावर तुमची आणि बाईंची, दोघांची सही असू द्या.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आले आहे : ‘या बाई हाक मारतील तिकडे कुत्री येतात.’ कुत्रे पकडणाऱ्या पथकाला याहून मोठी मदत कोणती? जाळी टाकून पळापळ करण्यापेक्षा बाईंना बरोबर घ्या, आठवडाभरात गल्ली नसबंद होईल. मी नोकरीत असताना अशाच एका आजींच्या जोरावर आम्ही आख्खी वसाहत उरकली होती. आजी पथकातल्या पोरांना चहा पाजत आणि कुत्री परत आली की मोजून घेत.

प्रश्न : रॉटवायलर पाळायला बंदी आहे का? (नागपूर)

केंद्राने मार्च २०२४ मध्ये रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालायला सांगणारे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केले. आपल्या पालिकेच्या परवान्याच्या अटी तेवढ्या पाहून घ्या. पिल्लू आठ आठवड्यांच्या आतले विकणे २०१७ च्या प्रजनन नियमांत बसत नाही. कुणी पाच आठवड्यांचे देऊ करत असेल तर तिथून घेऊच नका. आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळत असाल तर रॉटवायलर नको. हा कायदा नाही, माझे मत आहे.

प्रश्न : माझी बदली जर्मनीला झाली आहे, दोन महिन्यांत निघायचे. सहा वर्षांचा बीगल आहे. काकांच्या शेतावर सोडायचा विचार आहे, तिथे मोकळा राहील. (पुणे)

‘मोकळा राहील’ या दोन शब्दांत बरेच काही दडपता येते. तुमचा बीगल सहा वर्षे गादीवर झोपला आहे. काका स्वतः त्याला घरात घेणार असतील, लस चुकवणार नसतील, तर अवश्य द्या. नुसते शेतावर सोडणार असाल, तर उसाच्या पट्ट्यात बिबट्यासाठी कुत्रे हे सोपे भक्ष्य आहे, हे तिथल्या कुणालाही विचारा. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. हा आकडा वाचून मला दर वेळी लाज वाटते.

सोबत न्यायचा असेल तर दोन महिने पुरणार नाहीत. युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे भारतातून जाणाऱ्या कुत्र्याला आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, तिच्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणे, असा क्रम आहे. चिप लावण्याआधीची लस धरली जात नाही, इथेच बहुतेकांची गाडी अडते. तुम्ही पुढे जा, बीगल चार-पाच महिने काकांकडे राहू द्या आणि मग बोलावून घ्या.

प्रश्न : बैल मोकाट सोडणाऱ्या शेजाऱ्याने माझी ज्वारी खाल्ली. (बार्शी)

शेजाऱ्याने नव्हे, बैलाने खाल्ली असे समजतो. ग्रामपंचायतीला सांगून बैल कोंडवाड्यात घाला. दंड आणि चाऱ्याचा खर्च भरल्याशिवाय मालकाला तो सुटत नाही, आणि कुणी नेलाच नाही तर लिलाव होतो. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा त्याच दिवशी करून घ्या. बैलाला काठीने जखमी करू नका, नाहीतर तक्रारदाराचे आरोपी व्हाल.

प्रश्न : आईकडे अकरा वर्षांपासून पोपट आहे, ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणतो. भाचा म्हणतो, हा गुन्हा आहे, सोडून दे. खरे का? (सोलापूर)

पहिला भाग खरा आहे. गळ्याभोवती काळी-गुलाबी पट्टी असलेला आपला हिरवा पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणे, विकणे आणि पाळणे तिन्ही गुन्हे आहेत. विकायला येणारी पिल्ले झाडांच्या ढोलीतून काढलेली असतात. दुकानात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतात ते बहुतेक ऑस्ट्रेलियातले बजरीगर; त्यांना हा कायदा लागू नाही.

दुसरा भाग मात्र ऐकू नका. अकरा वर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद नसते, अन्न शोधणे त्याने कधी शिकलेले नसते, आणि माणसाला तो भीत नाही. गॅलरीतून सोडलात तर संध्याकाळपर्यंत कावळे किंवा मांजर त्याला गाठेल. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून आपणहून कळवा आणि पक्षी त्यांच्या ताब्यात द्या. तिथे तो उडण्याजोगा आहे का ते तपासतात. आईंना आधी विश्वासात घ्या, आणि त्या म्हणतील तर पिंजरा घेऊन जाताना त्यांनाही सोबत न्या.